नवं भलंमोठं जहाज सोडून जुनी लहान बोट कशाला? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्रूझला जायचं ठरलं की घरातलं कुणीतरी मोबाइल पुढे करतं. त्यात वीस मजल्यांचं जहाज, घसरगुंड्या, तरणतलाव, बर्फावरचे नाच. आणि तुम्ही निघालेले असता पंचवीस वर्षांपूर्वीच्या, तीनदा नाव बदललेल्या बोटीचं तिकीट काढायला. मग प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. मला सतत विचारले गेलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मी जुन्या बोटींच्या बाजूचा आहे हे आधीच सांगून टाकतो. तरी त्या कुठे कमी पडतात तेही लपवलेलं नाही.

लहान म्हणजे नेमकं किती? आणि जुनं म्हणजे?

जहाजाचा आकार ‘ग्रॉस टनेज’मध्ये सांगतात. टन म्हटलं की वजन वाटतं, पण हा वजनाचा आकडा नव्हे. जहाजात बंदिस्त जागा किती, त्यावरून तो काढतात. २०२४ मध्ये फिरायला लागलेलं ‘आयकॉन ऑफ द सीज’ २,४८,६६३ टनांचं आहे. लांबी ३६५ मीटर. दर केबिनमध्ये दोघं धरली तर ५,६१० प्रवासी, सगळ्या खाटा भरल्या तर सुमारे ७,६००.

दुसऱ्या टोकाला माझी लाडकी ‘आर-क्लास’ जहाजं. रेनेसाँ क्रूझेस नावाच्या कंपनीने १९९८ ते २००१ या काळात फ्रान्सच्या सेंट-नाझेर इथल्या गोदीत एकाच आराखड्याची आठ जहाजं बांधून घेतली. नावं ठेवण्याचाही कंटाळा केला: आर वन, आर टू, असं करत आर एट. प्रत्येक ३०,२७७ टनांचं, १८१ मीटर लांब, साधारण ७०० प्रवाशांचं. सप्टेंबर २००१ मध्ये कंपनी बुडाली, जहाजं तरंगत राहिली. आज त्यांतली चार अझामारा आणि चार ओशियानिया या क्रूझ कंपन्यांकडे आहेत.

आता गंमत बघा. या आठही जहाजांची बेरीज होते २,४२,२१६ टन आणि अंदाजे ५,६०० प्रवासी. म्हणजे आठ बोटी एकत्र ओतल्या तरी एक ‘आयकॉन’ पुरतं भरत नाही.

मी स्वतः साठेक हजार टन आणि चौदाशे प्रवासी इथपर्यंतचं जहाज लहानात धरतो. कडक मंडळी तीस हजारांवरच रेघ ओढतात. ‘जुनं’ म्हणजे माझ्या हिशेबी २००१ पर्यंत बांधलेलं.

माणशी जागा तेवढीच, मग गर्दी कमी कशी?

बरोबर पकडलंत. टनेजला प्रवाशांनी भागलं तर ‘आयकॉन’वर माणशी ४४ येतात आणि आर-क्लासवर ४३. कागदावर फरक शून्य. पण गर्दी माणशी जागेवर ठरत नाही. एका वेळी एका दाराशी किती जण उभे आहेत, त्यावर ठरते. पन्नास पानांची पंगत आणि हजार माणसांचं बुफे, दोन्हीकडे माणशी जेवण सारखंच असतं. ताटाशी पोचायला लागणारा वेळ मात्र सारखा नसतो.

खरा फरक बंदरात कळतो. सातशे माणसं उतरली की अर्ध्या-पाऊण तासात गावात विरघळून जातात. पाच हजार उतरली की गावच विरघळतं. ग्रीसमधल्या सँटोरिनी बेटाने २०२५ पासून दिवसाला ८,००० क्रूझ प्रवाशांची मर्यादा घातली. दीड जहाजात कोटा संपला! फ्रान्समधल्या कान शहराने २०२६ पासून हजाराहून जास्त प्रवाशांच्या जहाजांना बंदर बंद करायचं ठरवलं. या गावांचं लहान जहाजांवर प्रेम आहे असं नाही, एवढी माणसं एकदम पोसायची ताकद त्यांच्यात नाही, इतकंच.

मोठ्या जहाजांच्या बाजूने एक गोष्ट कबूल करायला हवी. रांगा हाताळण्यात ती तरबेज असतात. मोबाइलवर वेळ ठरवा, नाटकाची जागा आधी राखून ठेवा, सगळं घड्याळावर. सुट्टीतही घड्याळ बघायचं का, हा ज्याचा त्याचा प्रश्न.

जुन्या जहाजात असं काय असतं जे नव्यात नाही?

पडवी.

जरा सविस्तर सांगतो, कारण माझ्या मते सगळा मुद्दा इथेच आहे. १९९९ मध्ये ‘व्हॉयेजर ऑफ द सीज’ आलं. त्याच्या पोटात एक लांबच लांब बाजारपेठ होती आणि काही केबिनच्या खिडक्या समुद्राकडे नव्हे, तर त्या बाजारपेठेत उघडत होत्या. २००९ मध्ये ‘ओएसिस ऑफ द सीज’ने पुढची पायरी गाठली. जहाजाच्या मधोमध आभाळाकडे उघडी, खऱ्या झाडांची बाग आणि तिच्याकडे तोंड केलेल्या बाल्कन्या. हा आपल्या ओळखीचाच आराखडा आहे. मोठं जहाज हा चौसोपी वाडा. मधे चौक, सगळ्या खोल्यांची तोंडं चौकाकडे आणि बाहेरच्या जगाकडे पाठ. वाडा वाईट नसतो, चौकात मजा असते, पण वाड्यात बसून रस्ता दिसत नाही.

जुनं जहाज म्हणजे कोकणातलं घर. भोवताली पडवी, म्हणजे प्रोमेनाड डेक. लाकडी फळ्या, वर छपरासारख्या टांगलेल्या जीवरक्षक नौका, भिंतीला टेकलेल्या आरामखुर्च्या. जहाजाला पूर्ण प्रदक्षिणा घालता येते. फ्रेड ओल्सन कंपनीची ‘बोरिआलिस’ आणि ‘बोलेट’ (म्हणजे पूर्वीची, हॉलंड अमेरिका कंपनीची १९९७ ची ‘रॉटरडॅम’ आणि २००० ची ‘ॲम्स्टरडॅम’) ही याची उत्तम उदाहरणं. हॉलंड अमेरिकाकडे अजून असलेली ‘व्होलेंडॅम’ आणि ‘झांडॅम’ही तशीच. सकाळी सहाला तिथे चकरा मारणारी मंडळी तिसऱ्या दिवशी नावानिशी ओळखीची होतात.

ही पडवी गेली कुठे? बाल्कनीने खाल्ली. सगळ्यांच्या डेकवर कंपनीला एक पैसा मिळत नाही, तीच जागा तुकडे करून केबिनला जोडली की प्रत्येक तुकड्याचं भाडं येतं. त्यामुळे नवी जहाजं बाहेरून बाल्कन्यांच्या इमारतीसारखी दिसतात.

दुसरी गोष्ट उंचीची. पंधराव्या मजल्यावरून समुद्र भिंतीवरच्या कॅलेंडरसारखा दिसतो: निळा, सपाट, गप्प. जुन्या जहाजात खालच्या डेकवरच्या गोल खिडकीवर लाट येऊन आपटते आणि काच क्षणभर हिरवी होते. रात्री लाकडी पटलं करकरतात. पहिल्या रात्री त्याने झोप लागत नाही आणि घरी परतल्यावर त्याच्यावाचून लागत नाही.

जुन्या सजावटीचं मी फार कौतुक करणार नाही. आर-क्लास जहाजांवर एक वाचनालय आहे, छतावर रंगवलेलं खोटं आभाळ आणि भिंतीत खोटी शेकोटी. समुद्रात शेकोटी कशाला, हे मला आजवर कळलेलं नाही. खुर्च्या मात्र झकास.

लहान जहाज जातं आणि मोठं जात नाही, अशा जागा कोणत्या?

सगळ्यात नाट्यमय जागा ग्रीसचा कोरिंथ कालवा. १८९३ मध्ये खुला झाला, लांबी सुमारे ६.३ किलोमीटर, दोन्ही बाजूंना सरळ कापलेले कडे आणि पाण्याची रुंदी जेमतेम २४ मीटर. ऑक्टोबर २०१९ मध्ये १९९३ साली बांधलेलं ‘ब्रेमार’ त्यातून गेलं, त्याची रुंदी २२.५ मीटर. दोन्ही बाजूंना मिळून दीड-दोन मीटरच पाणी उरलं असेल. त्या कालव्यातून गेलेलं ते सर्वांत लांब जहाज ठरलं.

मग नद्या. स्पेनमधल्या ग्वादलकिवीर नदीतून आर-क्लास जहाज थेट सेव्हिल शहरात पोचतं. लंडनमध्ये टॉवर ब्रिज उघडून लहान जहाजांना आत घेतात. व्हिएतनाममध्ये मोठी जहाजं फू मी बंदरात थांबतात आणि प्रवासी बसने हो ची मिन्ह सिटी गाठतात. लहान जहाज सायगॉन नदीतून शहरातच जाऊन लागतं. बसमध्ये गेलेला वेळ हिशेबात धरा, सहलीचा अर्धा दिवस वाचतो.

अंटार्क्टिकात तर आकडाच सगळं ठरवतो. तिथल्या सहल कंपन्यांच्या संघटनेच्या नियमानुसार पाचशेहून जास्त प्रवासी असलेल्या जहाजाने कुणालाही किनाऱ्यावर उतरवायचं नाही, आणि एका जागी एका वेळी शंभरच माणसं. म्हणजे शंभर प्रवाशांच्या बोटीवर सगळे एकदम उतरतात, चारशेंच्या बोटीवर तुमची पाळी यायची वाट बघत कॉफी प्यायची. नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटांवर संरक्षित भागात २०२५ पासून दोनशे प्रवाशांची मर्यादा आहे.

एक गैरसमज मात्र काढून टाका. लहान जहाज म्हणजे व्हेनिसला थेट सान मार्को चौकासमोरून जाणार, असं अजूनही एजंट सांगतात. १ ऑगस्ट २०२१ पासून २५,००० टनांवरच्या किंवा १८० मीटरहून लांब जहाजांना तो मार्ग बंद आहे. आर-क्लास ३०,२७७ टनांचं आणि १८१ मीटरचं. लांबीत एका मीटरने गेलं, टनांत तर पाच हजारांनी!

बंदरात धक्का नसेल तर?

जहाज बाहेर नांगर टाकतं आणि छोट्या बोटीने किनारा गाठायचा. याला हल्ली ‘टेंडर’ म्हणतात. आपल्याकडच्या जुन्या माणसांना हे नवीन नाही. कोकणच्या आगबोटी चालू होत्या तेव्हा कितीतरी बंदरांत बोट बाहेर उभी राहायची, आणि ट्रंका, पोरं, आंब्याच्या पेट्यांसकट माणसं पडावात उतरायची. फरक इतकाच की आता हात धरायला गणवेशातला खलाशी असतो. गुडघे दुखत असतील तर मात्र बुकिंगआधी किती बंदरांत टेंडर आहे ते बघा. मोठ्या जहाजावर टेंडरसाठी तासभर थांबावं लागू शकतं, लहानावर दोन-चार फेऱ्यांत काम होतं.

बोट लागत नाही का?

लागते. मोठं जहाज कमी हलतं, यात वाद नाही. लहान जहाजांनाही पाण्याखाली पंखांसारखे स्थिरक असतात. ते डावी-उजवीकडची डोलणी बरीच कमी करतात, पण नाळेकडून (जहाजाच्या पुढच्या टोकाकडून) मागे होणारी वर-खाली उसळण कमी करत नाहीत. म्हणून केबिन जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या डेकवर घ्या. झोपाळ्याच्या दांडीला बसल्यासारखं ते, टोकाला झोका मोठा. सोयीची गोष्ट म्हणजे खालच्या डेकवरच्या केबिन सहसा स्वस्त असतात. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून आणि जहाज हलायच्या आधी. पहिल्यांदाच जात असाल तर बिस्केच्या उपसागरातली हिवाळी सफर नको. उन्हाळ्यातला भूमध्य समुद्र बरा.

जुनं जहाज बुडणार नाही ना?

हा प्रश्न नेहमी आवाज खाली आणून विचारतात.

वयावरून धोका कळत नाही. ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ २००६ चं होतं, जानेवारी २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्याशी खडकावर आदळलं आणि ३२ माणसं गेली. सहा वर्षांचं जहाज! आपली ‘रामदास’ १९३६ ची, १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाताना भर पावसाळ्यात बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. तीही अकरा वर्षांचीच होती. उलट बाजूचं उदाहरण १९६९ च्या ‘एक्सप्लोरर’चं. अंटार्क्टिकाजवळ नोव्हेंबर २००७ मध्ये बर्फ लागून हे छोटं जहाज बुडालं, पण त्यावरचे सगळे १५४ जण वाचले.

आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या प्रवासी जहाजाचं सुरक्षा प्रमाणपत्र एका वर्षापेक्षा जास्त चालत नाही, तपासणी होऊन ते पुन्हा घ्यावं लागतं. शिवाय १ ऑक्टोबर २०१० पासून जळाऊ सामानाच्या बांधणीवर निर्बंध आले. भरपूर लाकूडकाम असलेल्या खूप जुन्या जहाजांना त्या तारखेनंतर चालणंच परवडेना. जी उरली, ती या चाळणीतून गेलेली आहेत.

मग बिघाड?

ही भीती मात्र खरी. कोरिंथ कालव्यातून गेलेलं ते ‘ब्रेमार’ आठवतंय? पुढे ते विकलं गेलं, ‘व्हिला व्ही ओडिसी’ झालं आणि त्यावर कायमची राहायला म्हणून माणसांनी केबिन घेतल्या. मे २०२४ मध्ये निघायचं होतं. दुरुस्त्यांपायी जहाज बेलफास्टला अडकलं ते सप्टेंबर संपेपर्यंत. प्रवासी चार महिने आयर्लंड बघत बसले.

एवढं सहसा होत नाही. पण वातानुकूलन रुसणं, एखादं इंजिन मंदावून एखादं बंदर गळणं, लिफ्ट दोनातली एकच चालणं, हे होतं. माझ्या एका सफरीत तिसऱ्या डेकवर दोन दिवस गरम पाणी नव्हतं. जहाजावरच्या एका गोवेकर स्टुअर्डने रोज सकाळी बादली आणून दिली आणि वर ‘घरच्यासारखं वाटतंय ना?’ असंही विचारलं. बुकिंग करताना बांधणीच्या सालापेक्षा शेवटची सुकी गोदी (जहाज पाण्याबाहेर घेऊन केलेली दुरुस्ती) कधी झाली ते विचारा. आणि गोदीतून बाहेर पडल्यावरची पहिली सफर घेऊ नका. रंगाचा वास आणि अर्धवट कामं तुमच्या वाट्याला येतात.

केबिन फारच लहान असते म्हणे?

आर-क्लासची साधी केबिन सुमारे १६० चौरस फुटांची. वरळी-नायगावच्या बीडीडी चाळीत एवढ्याच खोलीत तीन पिढ्या नांदल्या, तिथे दोघांचे चौदा दिवस निघतील. न्हाणीघराबद्दल मात्र बाजू घेत नाही. साबण पडला तर वाकायच्या आधी दार उघडावं लागतं.

स्वस्त पडतं का?

कधी पडतं, कधी नाही. जहाजाची किंमत वसूल झालेली असते, म्हणून जुन्यावर मूळ भाडं कमी ठेवणं परवडतं. पण कप्तान, इंजिनीअर, बंदराचा खर्च सातशे जणांत वाटला जातो, पाच हजारांत नाही. अझामारा-ओशियानियाचे दर चढेच असतात. ब्रिटनमधून सुटणारी मध्यम दर्जाची जुनी जहाजं त्या मानाने हाताला येतात. तुलना करताना मोठ्या जहाजावर वेगळे मोजावे लागणारे पैसे (खास उपाहारगृहं, इंटरनेट, पेयं) मिळवून मग आकडे समोर ठेवा. एकटं जाणाऱ्यांनी फ्रेड ओल्सनसारख्या कंपन्यांच्या एकेरी केबिन बघाव्यात, नाहीतर रिकाम्या खाटेचंही भाडं पडतं.

मुलांना न्यावं का?

दहा-बारा वर्षांची मुलं असतील तर मोठं जहाज घ्या. खरंच. लहान जहाजावर ती कंटाळतील आणि तुम्हाला कंटाळवतील.

शाकाहारी जेवणाचं काय?

पर्याय कमी, पण ऐकणारं माणूस जवळ. बुकिंगच्या वेळी लेखी कळवा आणि पहिल्या संध्याकाळी मुख्य वाढप्याला भेटा. सातशे पानांच्या स्वयंपाकघरात ‘कांदा-लसूण नको’ हे एका माणसाच्या लक्षात राहू शकतं. भारतीय आचारी असला तर तिसऱ्या दिवशी न मागता वरण-भात पुढे येतो. नसला तर चटणीची पुडी आपली आपण न्यावी.

व्हिसा आणि विमा?

लहान जहाजं एका आठवड्यात बरेच देश शिवतात. शेंगेनमधून बाहेर पडून परत आत यायचं असेल तर एकापेक्षा जास्त प्रवेशांचा व्हिसाच लागतो, यात हयगय नको. जहाजावरचा दवाखाना लहान असतो. रुग्णाला समुद्रातून हलवण्याचा खर्च ज्यात आहे असाच विमा घ्या.

पर्यावरणाला तरी लहान जहाज बरं?

माणशी इंधनाचा हिशेब केला तर बहुधा नाही. जुनी इंजिनं आणि थोडी माणसं. गावावर पडणारा ताण कमी, धुराचा वाटा जास्त, असं दोन्ही एकदम खरं आहे. नॉर्वेने वारसा दर्जाच्या फियोर्डमध्ये (डोंगरांत आत शिरलेल्या चिंचोळ्या खाड्यांमध्ये) शून्य उत्सर्जनाची अट आधी, २०२६ पासून, दहा हजार टनांखालच्या जहाजांनाच लावली. मोठ्यांना २०३२ पर्यंत सवड आहे. लहान असण्याचा तोटा असाही होतो.

मुंबईहून चव घेऊन बघता येईल का?

तुम्ही ती कदाचित घेऊनही बसला आहात. २०२१ पासून मुंबईहून गोवा, लक्षद्वीपला नेणारं कॉर्डेलियाचं ‘एम्प्रेस’ हे मुळात १९९० चं ‘नॉर्डिक एम्प्रेस’. आर-क्लास जिथे जन्मली त्याच सेंट-नाझेरच्या गोदीतलं, ४८,५६३ टनांचं. वरचं संगीत आणि रोषणाई आजची असली तरी सांगाडा जुन्या वळणाचा आहे. पहाटे उठून उघड्या डेकवर जा, सगळे झोपलेले असतात, आणि कोकणचा किनारा डावीकडे उजाडताना बघा. २०१८ मध्ये मुंबई-गोवा सुरू झालेली ‘आंग्रिया’ तर पूर्वी जपानमध्ये फेरीबोट होती. आर-क्लासची जहाजंही जगप्रवासात मुंबई आणि मुरगावला येऊन जातात.

शेवटी ही जहाजं जातात कुठे?

बरीचशी आपल्याच शेजारी येतात, गुजरातमध्ये अलंगला. २०१९ मध्ये मुंबईहून सुरू झालेलं ‘कर्णिका’ म्हणजे १९९० चं ‘क्राउन प्रिन्सेस’. त्याचा डॉल्फिनसारखा माथा इटालियन वास्तुकार रेन्झो पियानो यांनी आखला होता. नोव्हेंबर २०२० मध्ये ते अलंगच्या वाळूत चढलं. दोनच महिन्यांनी त्याच किनाऱ्यावर १९६५ चं ‘मार्को पोलो’ आलं, सोव्हिएत काळातलं ‘अलेक्सांद्र पुश्किन’. जुन्या जहाजांचे वेडे ज्याच्यासाठी जीव टाकत, ते हे. १९४८ चं ‘स्टॉकहोम’ही (१९५६ मध्ये ‘आंद्रेआ दोरिया’ या इटालियन जहाजाला धडकलेलं तेच) कितीतरी नावं बदलून चालत राहिलं आणि २०२५ मध्ये बेल्जियममध्ये भंगारात गेलं.

काही तगतात. स्वीडनच्या योटा कालव्यात १८७४ ची ‘जुनो’ अजून प्रवासी नेते. केबिन आगगाडीच्या कूपेएवढी, शौचालय सामाईक, आणि ५८ कवाडबंदांतून (पाणी भरून-सोडून जहाज वर-खाली करणाऱ्या ‘लॉक’मधून) चढत-उतरत जाणारा कालवा.

आणि अलंगच्या रस्त्याला कधी गेलात तर दोन्ही बाजूंच्या दुकानांत थांबा. फोडलेल्या जहाजांच्या खुर्च्या, कपबशा, पितळी दिवे, केबिनची दारं तिथे विकायला असतात. मी एक घडीची डेकखुर्ची आणली आहे. कुठल्या जहाजाची ते दुकानदाराला सांगता आलं नाही. पाठीवर एक पुसट आकडा आहे, ४१७, आणि उजव्या हाताची फळी इतकी गुळगुळीत झाली आहे की तिथे बरीच वर्षं कुणीतरी हात ठेवून बसत असणार.